बाबांचं वजन उतरवायचं की टिकवायचं? (प्रोस्टेट कॅन्सर)

पेरूगेट | ८ जुलै, रात्री ११:१०

एरवी मी इथे भटकंती आणि पाककृतीच्या धाग्यांवर पडीक असतो. आज जरा वेगळं विचारतोय. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त. गेल्या नोव्हेंबरात लघवीचा त्रास म्हणून दाखवलं तर पीएसए (प्रोस्टेटच्या आजारात रक्तात वाढणारं प्रथिन) ४६ निघाला. बायॉप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे त्याचा गुणांक) ४+४, आणि कमरेच्या हाडात दोन ठिकाणी पसरलेलं. दर तीन महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली हार्मोनचं (म्हणजे पुरुष हार्मोन बंद करणारं) इंजेक्शन देतात. शिवाय रोज रिकाम्या पोटी अबिराटेरॉन (तेही हार्मोन रोखणारंच) आणि जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. औषध लागू पडलंय, पीएसए आता ०.९ आहे. त्या बाबतीत तक्रार नाही.

तक्रार काट्याची. नोव्हेंबरात ७८ किलो होते, आता ८४. उंची पाच फूट सहा. पँटचा हुक लागत नाही, आणि दुसरीकडे हाफ शर्टाच्या बाह्यांत दंड हरवल्यासारखे दिसतात. पोट आलं आणि हातपाय वाळले. पूर्वी जेवायला पाटावर बसायचे, आता उठताना भिंत धरतात.

घरात दोन पक्ष पडलेत. आत्या म्हणते, वजन उतरव, गोड बंद, सकाळी दुधीचा रस. मामाने ग्रुपवर बातमी टाकली की प्रोस्टेट कॅन्सरमध्ये जाड पेशंट जास्त जगतात. बाबांना अर्थातच मामाचा पक्ष पटला. दुसऱ्या दिवशी स्वतः चालत जाऊन बाकरवडीचा अर्धा किलोचा पुडा घेऊन आले. वर आईला म्हणतात, "औषध आहे, असू दे."

डॉक्टरांना विचारलं. दोन तास रांगेत बसून चार मिनिटं मिळाली. "वजनावर लक्ष ठेवा" म्हणाले. लक्ष ठेवतोच आहोत हो, पण ते कुठल्या दिशेला जायला हवंय?

---

शनिपार | ८ जुलै, रात्री ११:३१

बातमीची लिंक वाचून मग पुडा आणला की पुडा आणून मग बातमी वाचली, हे महत्त्वाचं.

दुधीच्या रसाबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. दुधी कडू लागला तर एक घोटही घेऊ नका. कडू दुधीच्या रसाने आपल्याकडे माणसं दगावलेली आहेत.

---

मंगळागौर | ९ जुलै, सकाळी ७:०५

पेरूगेट, बाबांना लवकर आराम पडो. आमच्या घरी याच आजाराची चार वर्षं झाली, त्यामुळे तुमचा प्रश्न नीट कळला. दुपारी सविस्तर लिहिते.

---

स्टेथोस्कोप | ९ जुलै, दुपारी १:४०

मी याच शाखेतला. पण तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजून घ्या.

मामांची बातमी खोटी नाही. २०२१ मध्ये युरोपियन असोसिएशन ऑफ युरॉलॉजीच्या परिषदेत मिलानच्या सॅन रफाएलच्या मंडळींनी ते मांडलं होतं. तीन औषध-चाचण्यांमधले १,५७७ रुग्ण होते. ३६ महिन्यांनंतर लठ्ठ गटातले साधारण ३० टक्के हयात होते, बाकीच्यांतले २० टक्के. लठ्ठ म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३० च्या वर.

बातमीत एक गोष्ट बारीक अक्षरात असते. हे सगळे रुग्ण अशा टप्प्यावरचे होते जिथे आजार पसरलेला आहे आणि हार्मोन बंद करूनही वाढतोय. तुमच्या बाबांचा पीएसए ४६ वरून ०.९ वर आलाय, म्हणजे त्यांचा आजार हार्मोनच्या उपचाराला नीट दाद देतोय. तो टप्पा वेगळा, हा वेगळा.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत १९८२ पासून नऊ लाखांहून अधिक लोकांवर १६ वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. सुरुवातीला कॅन्सर नसलेल्या पुरुषांत ज्यांचा बीएमआय ३५ च्या वर, त्यांचं प्रोस्टेट कॅन्सरने मरण्याचं प्रमाण सडसडीत माणसांपेक्षा ३४ टक्के जास्त निघालं. म्हणजे आत्याचा पक्षही बिनबुडाचा नाही.

मग दोन्ही खरं कसं? बराचसा घोळ कारण आणि परिणाम यांच्या उलटापालटीचा आहे. आजार बळावला की तो माणसाला खातो, भूक मरते, अंगावरचं मांस झडतं. अशा वेळी ज्याचं वजन अजून टिकून आहे त्याचा आजार मुळात सौम्य असू शकतो. तो जाड आहे म्हणून जगला की आजाराने अजून पोखरला नाही म्हणून जाड राहिला, हे अशा आकडेवारीतून सुटत नाही. अंगात साठा असल्याचा खराखुरा फायदाही असेल. पण खाऊन वजन वाढवलं म्हणून आयुष्य वाढलं, असं त्यात कुणी दाखवलेलं नाही. बाकरवडीला तिथे आधार नाही.

---

शनिपार | ९ जुलै, दुपारी २:०२

डॉक्टरसाहेब, एका ओळीत सांगा ना. वाढवायचं की कमी करायचं?

---

स्टेथोस्कोप | ९ जुलै, दुपारी २:१५

एका ओळीत सांगता आलं असतं तर त्यांना त्या ओपीडीत चार मिनिटंही पुरली असती.

---

मंगळागौर | ९ जुलै, दुपारी ३:५०

आमच्या ह्यांचं सांगते.

हे पहिल्यापासून किडकिडीत, ६१ किलो. दोन वर्षांपूर्वी हार्मोनचं इंजेक्शन पुरेनासं झालं म्हणून डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी सुरू केली, दर २१ दिवसांनी. तिचा डोस उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून ठरवतात. म्हणून प्रत्येक वेळी आधी काटा. आणि काटा कसा? तर डे-केअरच्या दारात ठेवलेला, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी. सिस्टर म्हणायच्या, "काका, चढा पटकन." हे चपला घालून, खिशात पाकीट, चष्म्याचं घर, किल्ल्यांचा जुडगा घेऊन चढायचे. मी एकदा घरी सगळं सामान वेगळं तोलून पाहिलं, सव्वा किलो भरलं! पुढच्या खेपेपासून मीच चपला काढायला लावायचे. सिस्टर वैतागायच्या. वैतागू देत.

खरी फसगत पुढेच झाली. चौथ्या सायकलपर्यंत वजन ६१ च्या ६१. मी खूश, म्हटलं टिकलंय. मुलगी सुट्टीला आली आणि दारातच म्हणाली, "आई, बाबांची मान बघ." गळ्याची हाडं वर आली होती, कानशिलं आत गेली होती. पायावर बोट दाबलं तर खळगा पडून तसाच राहात होता. त्या औषधाने अंगात पाणी साठतं. मांस उतरत होतं, तेवढंच पाणी भरत होतं, आणि काटा मात्र एकच आकडा दाखवत होता.

तेव्हापासून माझा त्या आकड्यावर विश्वास नाही. मी माणसाकडे बघते.

---

टेकडीवाली | ९ जुलै, दुपारी ४:१०

मंगळागौर, हे वाचून एकदम गप्प झाले. काका आता कसे आहेत?

---

मंगळागौर | ९ जुलै, दुपारी ४:२५

आहेत. आत्ता खिडकीत बसून समोरच्या सोसायटीच्या पार्किंगवर देखरेख चालू आहे.

---

निसर्गमार्ग | ९ जुलै, संध्याकाळी ६:००

अ‍ॅलोपथीत फक्त लक्षणं दाबतात. व्हिटॅमिन ई, सेलेनियम आणि २१ दिवसांचा रसाहार. अनेकांना गुण आलाय. माहितीसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

स्टेथोस्कोप | ९ जुलै, संध्याकाळी ६:४०

व्यनि करू नका, उत्तर इथेच देतो. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची चाचणी झालेली आहे, ३५ हजारांहून अधिक निरोगी पुरुषांवर. प्रोस्टेट कॅन्सर टळेल अशी आशा होती. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त सापडला.

पालेभाज्या-टोमॅटोंचीही चाचणी झाली आहे. सुरुवातीच्या टप्प्यातले, नुसत्या निरीक्षणाखाली असलेले ४७८ पुरुष घेतले, निम्म्यांना दोन वर्षं भाज्या वाढवायला लावल्या. आजार पुढे सरकायचा वेग बदलला नाही. भाज्या खाव्यातच, हृदयासाठी, पोटासाठी. पण २१ दिवस नुसता रस म्हणजे प्रथिनं जवळपास शून्य. हार्मोनच्या इंजेक्शनवर असलेल्या माणसाला यापेक्षा वाईट सल्ला मला तरी सुचत नाही.

---

संपादक मंडळ | ९ जुलै, संध्याकाळी ७:१५

उपचार विकणारे प्रतिसाद उडवले जातील. वरचा ठेवलाय, कारण त्याला दिलेलं उत्तर उपयोगी आहे.

---

पेरूगेट | ९ जुलै, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. मंगळागौर ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

स्टेथोस्कोप, मग बाबांचं वाढलेलं वजन नेमकं कशाचं? जेवण तर पूर्वीएवढंच आहे. (पुडा वगळता.)

---

स्टेथोस्कोप | ९ जुलै, रात्री ११:०५

आता खऱ्या मुद्द्यावर आलात.

या इंजेक्शनमागचा विचार १९४१ चा आहे. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की पुरुष हार्मोन काढून घेतलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आक्रसतो. १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण तेच हार्मोन पुरुषाच्या अंगावरचं मांस आणि हाडांतली ताकद राखत असतं. ते बंद झालं की जेवण तेवढंच राहूनही शरीराचा हिशेब बदलतो. २००२ च्या एका अभ्यासात ४८ आठवड्यांच्या इंजेक्शनांनंतर वजन सरासरी फक्त २.४ टक्के वाढलं होतं. पण त्या आकड्याच्या आत बघा: चरबी ९.४ टक्के वाढली आणि चरबी सोडून उरलेलं वजन, ज्यात मुख्यतः स्नायू येतात, २.७ टक्के घटलं. तुम्ही पहिल्याच प्रतिसादात "पोट आलं आणि हातपाय वाळले" असं लिहिलंत, ते हेच. प्रेडनिसोलोनचाही थोडा हात असेल.

त्यामुळे "वजन कमी करा" म्हणून उपास घडवलेत तर आधीच उतरणारं मांस आणखी उतरेल. "वजन टिकवा" म्हणून बाकरवडी चारलीत तर चरबी वाढेल, साखर वाढेल, आणि या इंजेक्शनांवर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका एरवीच वाढलेला असतो. पीएसए ०.९ असलेल्या माणसाला प्रोस्टेटइतकीच हृदयाची काळजी घ्यावी लागते. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि हाडांची घनता बघणारा डेक्सा स्कॅन या वर्षात झाले नसतील तर पुढच्या भेटीत मागून घ्या.

---

रास्तापेठी | १० जुलै, सकाळी ९:३०

बीएमआयचा विषय निघालाच आहे तर आपल्या पुण्याची एक गोष्ट सांगायलाच हवी.

केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांवरून त्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. आपण बारीक दिसतो आणि आतून तूप साठवतो.

म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ ३० ऐवजी २५ ला ओढतात, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात. पेरूगेटच्या बाबांचा बीएमआय मी काढला, ३० ला टेकलाय. मिलानच्या यादीत ते केसभराने लठ्ठ ठरणार नाहीत, आपल्या यादीत कधीच ठरलेत. युरोप-अमेरिकेतला 'जाड' आणि सदाशिव पेठेतला 'जाड' हे दोन वेगळे प्राणी आहेत.

---

शनिपार | १० जुलै, सकाळी ९:५२

सदाशिव पेठेत जाड कुणी नसतं. अंगाने भरलेले असतात.

---

पर्वतीपायथा | १० जुलै, दुपारी १२:१८

मी स्वतः पेशंट. वय ६८. सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन करून ग्रंथी काढली. माझं कुठे पसरलेलं नव्हतं, त्यामुळे माझी गोष्ट पेरूगेटच्या बाबांना जशीच्या तशी लावू नका.

ऑपरेशननंतर लघवीवर ताबा नव्हता. पॅड लावून कोण फिरायला जाणार? घरी बसलो, टीव्हीपुढे खात राहिलो, आठ महिन्यांत पाच किलो वाढलो. पुढच्या तपासणीला सर्जनने पीएसएआधी वजन विचारलं. म्हणाले, ऑपरेशनच्या आसपासच्या काळात दोन-सव्वादोन किलोहून जास्त वाढलेल्यांत आजार परतण्याचं प्रमाण वजन स्थिर असलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट दिसलंय. शिवाय भरभर चालणाऱ्यांत आजार पुढे सरकण्याचं प्रमाण रेंगाळत चालणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी. आठवड्याला निदान तीन तास, आणि भरभर म्हणजे शेजाऱ्याशी गप्पा मारत नव्हे.

तेव्हापासून रोज पर्वती. १०३ पायऱ्या. पहिल्या दिवशी तीनदा बसलो, वर 'देवदर्शनाची घाई नाही' असं बायकोला सांगितलं. आता एका दमात चढतो. साडेचार किलो उतरले, अर्धा किलो माझ्याजवळ ठेवलाय.

जाता जाता एक शंका. जाड माणसाचा पीएसए कमी दिसतो म्हणतात, खरं का?

---

स्टेथोस्कोप | १० जुलै, दुपारी १:३०

काका, १०३ पायऱ्यांना सलाम.

खरं आहे. जाड माणसात रक्तद्रव जास्त असतो. मीठ तेवढंच घातलं आणि ताक वाढवलं तर ताक अळणी लागतं, तसं. पीएसए तेवढाच तयार होतो पण पातळ होऊन रिपोर्टमध्ये कमी दिसतो. २००७ मध्ये हे नीट मोजलं गेलं. म्हणून जाड माणसात आजार उशिरा हाती लागायची शक्यता असते, आणि २००३ च्या त्या ३४ टक्क्यांमागे काही वाटा याचाही असावा. मात्र तुमच्यासारख्या ग्रंथीच काढलेल्या माणसात आकडा शून्याजवळच असायला हवा, तिथे या पातळपणावर विसंबू नका.

पेरूगेट, बाबांना पर्वतीला नेऊ नका. कमरेच्या हाडात आजार आहे आणि इंजेक्शनने हाडं ठिसूळ होतात. व्यायाम हवाच, आणि नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूंवर जोर पडेल असा हवा. २००३ मध्ये हार्मोनच्या उपचारावरच्या १५५ पुरुषांवर पाहिलं होतं: आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे असा व्यायाम केलेल्यांचा थकवा कमी झाला आणि ताकद वाढली. पण कुठल्या हाडावर जोर द्यायचा नाही हे स्कॅन बघून फिजिओथेरपिस्टने ठरवायचं. यूट्यूबवर बघून ठरवायचं नाही.

घरी मोजायचंच असेल तर काट्याच्या जोडीला शिंप्याचा टेप घ्या. पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. आशियाई पुरुषांत ३४ सेंटीमीटरच्या खाली गेला तर स्नायू उतरल्याची शंका घ्यायची. (पाय सुजले असतील तर हे माप फसवं, मंगळागौर ताईंनी लिहिलंच आहे.) दुसरं, हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला लावा, कुणीतरी शेजारी उभं राहून. १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं.

---

टेकडीवाली | १० जुलै, दुपारी ३:००

मी आहारतज्ज्ञ आहे, थोडी भर घालते. अशा रुग्णांना किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात (किडनी ठीक असेल तर). आपल्या वरण-भातात ती बसत नाहीत. आपलं वरण म्हणजे वाटीत डाळीची आठवण. घट्ट उसळ, पनीर, दूध-दही, सोयाबीन, चालत असेल तर अंडी, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. तिन्ही वेळच्या जेवणात थोडं थोडं हवं, रात्री एकदम नको. पोळी-भात थोडा कमी, उसळ दुप्पट.

आणि अबिराटेरॉनच्या गोळ्यांच्या वेळा पाळा. जेवणाबरोबर घेतली, विशेषतः तेलकट जेवणाबरोबर, तर ती रक्तात कैक पटीने जास्त जाते. नाश्ता तासाभराने.

---

पेरूगेट | १० जुलै, रात्री ९:४०

मोजलं. आईच्या शिवणयंत्राच्या ड्रॉवरमधला पिवळा टेप काढला. पोटरी ३३. बाबा म्हणाले, टेप जुना आहे, ताणला गेलाय. आईने तोच टेप माझ्या पोटरीला लावला, ३७ भरली. मग काही बोलले नाहीत.

खुर्ची: १९ सेकंद, आणि चौथ्या वेळी हात टेकला. वर्कशॉपमध्ये हा माणूस बसचं चाक एकट्याने खाली उतरवायचा.

---

शनिपार | १० जुलै, रात्री ९:५५

काकांचं बरोबर आहे, टेप ताणला गेला असेल तर माप कमीच येतं. मग पोटरी खरी ३३ च्या वरच असेल. तेवढाच दिलासा. 😀

---

पेरूगेट | २१ सप्टेंबर, रात्री ८:३०

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी व्यनित विचारलं म्हणून.

डेक्सा झाला, हाडं विरळ निघाली. डॉक्टरांनी हाडांचं इंजेक्शन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं. त्याआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणाले, कारण हाडांच्या त्या औषधाने क्वचित जबड्याला त्रास होतो. एक दाढ काढावी लागली. साखर काठावर आहे. फिजिओबाई आठवड्यातून दोनदा घरी येतात, रबरी पट्टे ओढायला लावतात. बाबा त्यांना "मॅडम" म्हणतात आणि त्या यायच्या आधी दाढी करतात.

अंडी आमच्या घरात या पिढीपर्यंत आली नव्हती. आईने वेगळं पातेलं काढलं, ते गॅलरीतल्या शेगडीवर ठेवते, घरात आणत नाही. आत्याला अजून माहीत नाही. पुडा महिन्यातून एकदा, तोही पावशेर.

वजन ८४ वरून ८२.६. पोटरी ३३.५. खुर्ची १४ सेकंद, हात न टेकता. पीएसए ०.३.

---

मंगळागौर | २१ सप्टेंबर, रात्री ८:५२

फार बरं वाटलं वाचून. ८२.६ चपला काढून ना?

---

पेरूगेट | २१ सप्टेंबर, रात्री ९:०१

चपला, पाकीट, चष्म्याचं घर, सगळं काढून. किल्ल्या आईच्या हातात होत्या.